गावाकडे तोंड करून

आप्पा, तुम्हाला कुठे बसवले होते, हे मला आता कळले आहे. हे वाक्य सर्वांत आधी लिहितो, कारण ज्या एका प्रश्नापायी आईने आपले सगळे आयुष्य अडवून धरले, त्याचे उत्तर पत्राच्या तळाशी लपवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. उत्तर आहे, ते पुरते समाधानकारक नाही, हेही लगेच नोंदवतो. बाकीचे क्रमाने लिहीन. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही त्यात येतील, परंतु क्रम सोडून लिहिले की माझा स्वतःच्याच लिहिण्यावर विश्वास बसत नाही. माझे वय आता तुमच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट झाले आहे. तुम्ही माझ्या आठवणीत अजून तिशीच्या अलीकडचेच आहात आणि मी केस पिकलेला माणूस तुम्हाला ‘आप्पा’ म्हणतो आहे. यातला विचित्रपणा मला कळतो. दुसरे संबोधन मात्र मला सुचत नाही.

तुमची शेवटची रजा मला आठवते ती स्वयंपाकघरापासून. तुम्ही चुलीपुढे मांडी घालून बसला आहात. अंगात बनियन, खाली पलटणीची खाकी अर्धी चड्डी. पोळपाटावर पराठे लाटत आहात आणि आई दाराशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसते आहे. आपल्या घरात ज्वारीची भाकरी. हे तुपात परतलेले तिकोनी प्रकरण शेजारपाजारच्या बायकाही डोकावून बघत होत्या. “पलटणीत बंदूक शिकवत्यात का लाटणं?” आईने विचारले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “आधी लाटणं. बंदूक त्येच्यातनंच येती.” तुम्ही कॅन्टीनमधून आणलेल्या गोड घट्ट दुधाच्या डब्याला खिळ्याने दोन भोके पाडून तो माझ्या हातात दिला होता आणि मी एका भोकाला तोंड लावून बसलो होतो. पराठा उलटायला तुम्ही पुढे वाकलात, तशी गळ्यातल्या दोऱ्याला लोंबणारी इष्टलिंगाची चांदीची डबी विस्तवावर झुकली आणि तिचे झाकण आपोआप उघडले. बिजागरी ढिली झाली होती. आईचे हसणे तिथेच थांबले.

पुढचे बोलणे मला शब्दशः आठवते, कारण आईने ते नंतर आयुष्यभर म्हटले. ती म्हणाली, “डबी द्या सोनाराला. लिंग देऊ नका. अंगावरचं लिंग उतरवत न्हाईत.” तुम्ही म्हणालात, “झाकण लिंगावर घट्ट बसवायचं, तर माप नको का त्येला? दोन दिसाचा तर प्रश्न हाय.” तुमचे म्हणणे तर्काला धरून होते. मी तुमच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

सिरसाळ्याच्या बाजारच्या दिवशी तुम्ही मला बरोबर नेले. थोरल्या काकांचे तिथे आडतीचे दुकान होते आणि रजेवर आलात की तुम्ही मापाला उभे राहत असा. डबी आणि लिंग सोनाराकडे देऊन आपण दुकानात आलो. तूर मापली जात होती. मी खेळता खेळता तराजूच्या पारड्यावर बोट टेकवले. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. फार जोराची नव्हती, पण सगळ्या हमालांसमोर होती. “मापात हात घालायचा न्हाई,” तुम्ही म्हणालात. “आपल्या न्हाई, दुसऱ्याच्या न्हाई.” मी रडलो. एक हमाल म्हणाला, “सोडा की मालक, लेकरू हाय.” तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात, मला मात्र समजूत काढायला जवळ घेतले नाही. पुढे मी अंबाजोगाईला बी.कॉम. केले, सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात लागलो आणि तिथे एक हट्टी, कोरडा माणूस म्हणून माझी ख्याती झाली. ज्याला मी माझे तत्त्व म्हणत आलो, ते त्या चापटीपेक्षा फार निराळे नाही.

दोन दिवस पुरे होण्याआधीच तार आली. रजा रद्द. सोनार धारूरला लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. एस.टी. उभी होती. आई म्हणत होती, “ही गाडी जाऊ द्या, दुसरी धरा, मी धारूरला माणूस धाडते.” तुम्ही म्हणालात, “पलटण थांबत न्हाई गं. आलो की घालतो.” तेव्हा तिने रिकाम्या दोऱ्यात भस्माची बारीक पुडी गाठ मारून बांधली आणि गाडीच्या पायरीशी तुमच्या गळ्यात घातली. तुम्ही दोरा शर्टाच्या आत सरकवलात. त्यानंतरचे तुमचे मला काहीही आठवत नाही. हात हलवलात की नाही, तेही सांगता येत नाही.

त्या, एकाहत्तरच्या, हिवाळ्यात युद्ध झाले आणि संपले. तुमची बातमी संपल्यानंतर आली. पूल बांधणाऱ्या पलटणीत तुम्ही होता, जखमी झालात, सीमेच्या अलीकडे आणल्यावर प्राण गेला, एवढे कागदात होते. आणि एक वाक्य होते: धर्मानुसार अंत्यविधी करण्यात आले. भावकीतल्या बायका आईचे कुंकू पुसायला आल्या. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “हात लावू नका. आधी सांगा, जाळलं का बसवलं?”

आपल्यात, लिंगायतांत, माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. अंघोळ घालतात, भस्म लावतात, त्याचे लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात आणि मांडी घालून भुईत बसवतात. ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. तिच्या प्रश्नाने बायकांचे पुढे आलेले हात मागे गेले. थोरले काका म्हणाले, “लष्करात हिंदू म्हणलं की सगळ्यास्नी एकच. जाळलं असल.” आई म्हणाली, “असल म्हणू नका. कुणी बघितलं का?” कोणी बघितले नव्हते. “मग बघितलेला माणूस आणा,” ती म्हणाली. “त्यो मला सांगल, अन् मी माझ्या हातानं पुसीन.” तिने कुंकू पुसले नाही. सोनाराकडून आलेले तुमचे लिंग तिने आपल्या लिंगाशेजारी पूजेत ठेवले. पेन्शन चालू झाली तेव्हा गावातल्या बायका पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल असे बोलू लागल्या, “नवऱ्याची पेन्शन बी घेती, नवऱ्याचं कुंकू बी लावती. चांगलं हाय बाई.” ती घागर उचलून चालू लागायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. तो मी तुम्हाला सांगायला हवा, कारण तुम्ही पाहिला नाही. पाणवठाच राहिला नाही, म्हणून बायकांचे बोलणेही थांबले. काकांची आडत बंद पडली. मापायलाच काही नव्हते. आई तेलगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि मीही तिच्याबरोबर. वाण्याच्या घरची बाई हातोडा घेऊन बसते, याचे लोकांना आधी नवल वाटले, नंतर वाटले नाही. सगळ्यांच्याच घरच्या बसल्या होत्या. लाल मिलो ज्वारीची भाकरी, दुपारी सरकारने वाटलेली सुकडी. पाणी टँकरचे, तेही येईल तेव्हा. सकाळी घरात जे पाणी असे त्यातले पहिले ओंजळभर ती तुमच्या लिंगावर घाली, आपल्या लिंगावर नंतर. मी घशाला कोरड पडून समोर बसलेला. एकदा मी ओरडलो, “दगडाला कशाला पाजती? मला दे.” तिने माझ्याकडे पाहिले. मारले नाही. वाटीत साचलेले ते पाणी तिने माझ्या तोंडाला लावले आणि म्हणाली, “पाजतीय कुठं? त्यांच्या हातनं तुलाच देतीय. पी.” त्यानंतर त्या उन्हाळ्यात माझा दिवस रोज त्या पाण्याने सुरू झाला. त्याला भस्माची चव होती.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट आहे. खडीच्या ढिगापाशी एक उंच, काळा माणूस आला होता. पायात पलटणीचे बूट आणि खांद्यावर घोंगडी. हा मेळ मला चमत्कारिक वाटला. तो मुकादमाशी काही बोलला, मुकादमाने आईकडे बोट केले. तो बराच वेळ आईकडे बघत उभा राहिला. आईचे लक्ष नव्हते. ती हातोड्यावर वाकलेली होती. मग तो माझ्याकडे आला, पिशवीतून हिरव्या काठाचा पांढरा इनॅमलचा मग काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “पाणी पेत जा ह्याच्यात.” एवढे बोलून तो आल्या वाटेने निघून गेला. आम्हाला वाटले, सरकारी मदतीत मग वाटत असावेत. दुसऱ्या कोणालाच कसा मिळाला नाही, असा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारत नव्हते. मगाच्या तळाला पुढे बारीक भोक पडले, तेव्हापासून तो ज्वारीच्या कोठीत माप म्हणून आहे.

यानंतर पुष्कळ वर्षे मी मध्ये सोडून देतो. आपल्या भागात सहकारी कारखाने आले, कोरड्या माळाच्या कडेला उसाचे हिरवे पट्टे आले आणि त्या उसासाठी पाणी कुठून येते याचे भांडणही आले. मला नोकरी लागली. लेटरहेडवर लिहिण्याची सवय झाल्यावर मी लष्कराच्या अभिलेख कार्यालयाला एक मुद्देसूद पत्र लिहिले. तिकडून तितकेच मुद्देसूद उत्तर आले: भरती, पलटण, जखम, मृत्यू, आणि शेवटी पुन्हा तेच वाक्य, धर्मानुसार अंत्यविधी. मी ते आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “कोणच्या धर्मानुसार, ते लिहिलं न्हाई त्यांनी.” मी म्हणालो की याहून अधिक माहिती त्यांच्याकडे नसावी. माझ्या लेखी विषय तिथे पूर्ण झाला होता. उत्तर मागितले होते, मिळाले होते.

आई गेली ती कपाळावर कुंकू असताना. भावकीत कुजबूज झाली, एक जण तर म्हणालाच, “आता तरी पुसा.” मी कोणाला जवळ येऊ दिले नाही. तिला बसवले, तिचे लिंग तिच्या डाव्या हातात ठेवले. मग पूजेतली दुसरी डबी पुढे आली. विधीला बसलेले स्वामी म्हणाले, “हे कुणाचं?” मी सांगितले. ते म्हणाले, “ज्याचं त्याला जावं. हिच्यासंगं पुरलं तर हिच्यावर वझं व्हईल.” त्या वेळी मला समजले की विषय पूर्ण झाला नव्हता. मी डबी खिशात घातली.

कारखान्याच्या फाटकावर एक माजी सैनिक रखवालदार होता. त्याच्याकडे मी सहज तुमच्या पलटणीचा विषय काढला. तो म्हणाला, “साहेब, त्याच पलटणीतला एक धनगर शिरूर कासारकडचा आहे. दर हंगामाला लेकाच्या टोळीबरोबर येतो. लेक-सून ऊस तोडतात, हा बैलं सांभाळतो. इथंच तर असतो, ऊस उतरवतात त्या गव्हाणीपाशी.” हंगाम संपला होता. मला एवढेच लिहायचे आहे, आप्पा, की हा माणूस कितीतरी हिवाळे माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर बैलांना उसाचे वाढे घालत बसलेला होता, आणि तेव्हा आई जिवंत होती.

मी शिरूर कासारला गेलो. वस्तीवर मेंढ्यांचा वाडा, बाभळीखाली बाज, बाजेवर तो. उंची वाकली होती, पण खडीवर मग देऊन गेलेला माणूस मी ओळखला. मी आपले गाव सांगितले, तुमचे नाव सांगितले. तो बाजेवर सरकून बसला आणि म्हणाला, “वाण्याचं पोरगं तू?” आणि मग लगेच सावरून, “बसा सायब, बसा. त्यो मग हाय का अजून?”

मी म्हणालो, “आहे. ज्वारी मापतो त्यानं.”

“त्येचाच हाय त्यो. तुमच्या आप्पाचा. लई हसायचो आमी एकमेकाला. मी म्हणायचो, काय बे वाण्या, तराजूची दांडी मारायची सोडून फळ्या कावून उचलतो? तर म्हणायचा, धनगरा, तुज्या मेंढरास्नी नदी पार करायला पूल नको का बे?” तो हसला आणि हसता हसता खोकला. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला.

मग त्याने सांगितले. मी त्याला मध्ये तोडले नाही. पुलाच्या फळ्या वाहताना तोफेचा गोळा जवळ पडला. तुम्हाला मागे आणले, सीमेच्या अलीकडे, नदीकाठच्या एका गावाशी. पहाटे तुम्ही गेलात. तुमच्याबरोबर आणखी काही जण होते. लाकडे रचली जात होती. “म्या सुभेदाराला म्हणलं, सायब, ह्यो लिंगायत वाणी हाय. ह्यांच्यात जाळीत न्हाईत, भुईत बसवतेत. माज्या गावाला वाण्याचं घर हाय, म्या बघितलेलं. सुभेदार कावला. म्हणला, लडाई में बिठाने का टाइम है क्या? म्या म्हणलं, सायब, लाकडं पेटूस्तोवर द्या. त्यो काय बोलला न्हाई. म्या त्येचं हो धरलं.”

त्याने फावडे घेतले आणि बांबूच्या बेटाशेजारी खणायला लागला. माती लोण्यासारखी होती. “कमरेइतकं गेलो न्हाई तर पाणी लागलं, सायब. आपल्याकडं पुरुसभर खोल खणा, धूळच. तितं पाणी. म्या भाताचं काड आणलं, खाली दाबलं, पर वल वर येतच व्हती. वल्यातच बसवलं त्येला. जीव जाऊन लई येळ झाला नव्हता, म्हणून मांडी बसली.” तो थांबला. “लिंग बघितलं गळ्यात. दोरा व्हता. गाठ व्हती, भिजलेली. लिंग न्हाई. म्या म्हणलं, पडलं पाण्यात. मग काठावरचा एक गोल खडा घेतला, धुतला, डाव्या हातात ठेवला. डावाच ना?”

“डावाच,” मी म्हणालो.

“भस्म कुठलं आणायचं? माज्यापाशी बिरोबाचा भंडारा व्हता पुडीत. त्योच लावला कपाळाला. आमच्या देवाचा तुमच्या माणसाला चालतो का न्हाई, ठाऊक न्हाई. चुकलं असल तर माजं. अन् तोंड कुणीकडं करतेत, ते बी ठावं नव्हतं. म्या म्हणलं, गावाकडं करावं. सूर्व्या बघितला, अन् गावाकडं केलं.”

मी विचारले, “आईला का नाही सांगितलं? तुम्ही आला होता ना, खडीवर?”

“आलतो. सांगायलाच आलतो. रजा त्येच्यासाठीच काढली व्हती.” तो मेंढ्यांच्या वाड्याकडे बघत म्हणाला, “मुकादमानं दावलं, ती बाई. कपाळावर ह्ये एवढं कुंकू. म्या तितंच हुबा ऱ्हायलो, सायब. म्हणलं, हिनं अजून मानलं न्हाई. म्या जाऊन सांगायचं, त्येला ह्या हातानं मातीत बसवलं? म्हंजी म्या तिचं कुंकू पुसायचं? न्हाई झालं माज्यानं. मग पोराच्या हातात मग दिला अन् गेलो.” मग त्याने हळूच विचारले, “कवा पुसलं मग त्यांनी?”

मी खोटे बोलू शकलो असतो. ते मला त्या क्षणी सुचले नाही. मी म्हणालो, “नाही पुसलं. बसवलं म्हणून सांगणारा माणूस येईल, तेव्हा पुसीन म्हणाली होती.”

त्याचा हात बाजेच्या दोरीवर होता आणि तो दोरी चाचपत राहिला. बऱ्याच वेळाने त्याची बायको म्हणाली, “चा घ्या. निवला.” त्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मी निघताना तो उठायला गेला. मी त्याला हाताने थांबवले. खिशातली डबी मी त्याला दाखवली, लिंग पडले नव्हते, घरीच राहिले होते, हे सांगितले. त्याने ती हातात घेतली नाही, लांबूनच नमस्कार केला. “मग ह्ये त्येला न्या, सायब,” तो म्हणाला. “तेवढा खडा काढा अन् ह्ये द्या. म्या खुणा सांगतो.”

त्याने खुणा नीट सांगितल्या. बांबूचे बेट, त्याच्या पूर्वेला वीटभट्टीचे धुराडे, मागे पिंपळ. बेट आणि धुराडे यांच्या मध्ये, नदीपासून दूर. मी पुढच्या हिवाळ्यात उत्तर बंगालला गेलो. गावाचे नाव बदलले नव्हते. एका निवृत्त शिक्षकाला हिंदी येत होती. माझे सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “वो जगह तो नदी ले गई.” माझा चेहरा बघून त्याने मला काठावर नेले. धुराडे अजून उभे आहे, आप्पा. परंतु ते नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. नदीने पात्र बदलत बदलत बेट नेले, पिंपळ नेला, अर्धे गाव नेले आणि धुराडे तिकडच्या बाजूला टाकून दिले. मी ज्या काठावर उभा होतो, तो तुमच्या वेळी गावाच्या मागचा भातशेताचा भाग होता. खुणा सगळ्या बरोबर होत्या. त्यांच्या मधली जमीन तेवढी राहिली नव्हती.

शिक्षकाने नाववाला बोलावला. मध्यावर गेल्यावर त्याने नाव रोखली, धुराड्याकडे बघितले, मागे गावाकडे बघितले आणि म्हणाला, “यहीं कहीं होगा, बाबू.” पाणी संथ, मातकट आणि इतके रुंद होते की मला आपल्याकडचा एकही तलाव तुलनेला आठवेना. मी डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतले, हात पाण्यावर धरला. आईने रोज त्याला जे पाणी घातले, ते ओंजळीपेक्षा अधिक कधीच नव्हते. नाववाला माझ्याकडे बघत होता. त्याच्या अनुभवात माणसे इथे येऊन काही ना काही सोडतात आणि परत जातात. माझा हात उलटा झाला नाही. पाण्यात सोडायचे असते ते ज्यांना जाळतात त्यांचे. तुम्हाला बसवले होते. एका माणसाने सुभेदाराच्या शिव्या खाऊन, अडाणीपणाने आणि मनापासून तुम्हाला बसवले होते, आणि ‘इथेच कुठेतरी’ या शब्दांवर मी तुमचे लिंग सोडून दिले असते तर त्याचे ते सगळे श्रम मी पुसून टाकल्यासारखे झाले असते. निदान त्या वेळी मला असे वाटले. कदाचित मला ते फक्त सोडवले नाही. मी डबी बंद केली. परत येताना धुराड्याकडे पाठ करून बसलो, तेव्हा लक्षात आले की माझे तोंड नैऋत्येला, आपल्या गावाकडे आहे.

उन्हाळ्यात शिरूर कासारला गेलो. पाऊस त्या वर्षीही झाला नव्हता. वस्तीवर टँकरची वाट बघत घागरी रांगेत ठेवल्या होत्या. तो बाजेवरच होता, आता उठून बसत नव्हता. त्याच्या बायकोने कानाशी वाकून सांगितले, “वाण्याचे सायब आले.” त्याने डोळे उघडले.

“दिलं का?”

मी म्हणालो, “दिलं.”

“खडा काढला?”

“काढला.”

“डाव्या हातात दिलं नव्हं?”

“डाव्याच.”

“तोंड?” त्याने विचारले. “तोंड गावाकडंच हाय का?”

“गावाकडेच आहे,” मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “मग बरं झालं. लई वर्सं वाटायचं, चुकलं का काय.” त्याची बायको पदराने तोंड पुसत म्हणाली, “आता तरी घ्या की वो घोटभर.” त्याने पाणी घेतले. पुढच्या हंगामात टोळी आली, तेव्हा गव्हाणीपाशी बैलांजवळ दुसराच कोणी होता.

मापात हात घालायचा नाही, असे तुम्ही सांगितले होते. इथे मी घातला आणि काढूनही घेतला नाही. घरात, भावकीत, स्वामींनाही मी तेच सांगितले, की ज्याचे होते त्याला पोचले. सगळ्यांना ते पटले, आणि विषय आता खरोखरच कोणाच्या बोलण्यात नसतो. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी नदीच्या नावाने कोण टपाल नेणार? ते कोठीत, ज्वारीखाली, मगाशेजारी ठेवीन.

डबी माझ्याजवळ आहे, आप्पा. सोनाराने बिजागरी चांगली केली होती. ती अजून घट्ट आहे. मी पूजा कधी केली नाही आणि आताही करतो असे म्हणणार नाही. सकाळी सगळे उठायच्या आत मी तुमच्या लिंगावर ओंजळभर पाणी घालतो, वाटीत धरतो, आणि रक्तदाबाची गोळी त्या पाण्याबरोबर घेतो. बायकोला वाटते, मी गोळी वेळेवर घ्यायला शिकलो आहे.